विश्लेषण : गिरगावातील गुप्त रेडिओ आणि घरातील वाय-फाय… उषा मेहतांच्या लढ्यातून लहरींविषयी काय कळते?

पुढच्या खोलीत राउटरचे दिवे लुकलुकत असतात, पण स्वयंपाकघरात गेले की व्हिडीओ कॉल अडकतो. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींपासून नव्या टॉवरपर्यंत अनेक घरांत ही तक्रार रोजची आहे. लहरी कुठून सोडायच्या, त्या किती दूर जातील, वाटेत त्यांना कोण अडवील, हाच प्रश्न १९४२ मध्ये याच गिरगावात एका २२ वर्षांच्या तरुणीसमोर होता. फरक इतकाच, की तिच्या बाबतीत उत्तर चुकले तर पोलीस दारात उभे राहणार होते. ती तरुणी म्हणजे उषा मेहता आणि त्या लहरी म्हणजे गुप्त काँग्रेस रेडिओ. त्यांच्या आयुष्याचा आणि त्यामागील विज्ञानाचा हा आढावा.

उषा मेहता कोण होत्या?

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळील सरस या गावी झाला. अहमदाबादच्या आश्रमात त्यांनी महात्मा गांधींना प्रथम पाहिले तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. १९२८ मध्ये सायमन आयोगाविरोधातील निदर्शनांत आठ वर्षांची उषा सहभागी झाली. मुलांच्या एका फेरीवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासह खाली पडली. त्यानंतर मुलांनी झेंड्याच्या रंगांचेच खादीचे कपडे शिवून घेतले आणि ते घालून पुन्हा फेरी काढली. अंगावरचा झेंडा कोणाला हिसकावता येणार नव्हता.

वडील ब्रिटिश राजवटीत न्यायाधीश होते. मुलीने चळवळीत पडावे अशी त्यांची इच्छा नव्हती. ते १९३० मध्ये निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईत आले. त्यानंतर उषाबेनवरील बंधने सैल झाली. गुप्त पत्रके वाटणे, तुरुंगातील नातेवाईकांना भेटणे आणि कैद्यांपर्यंत निरोप पोहोचवणे ही कामे शाळकरी वयातच त्यांच्याकडे आली. गिरगाव चौपाटीसमोरील विल्सन महाविद्यालयातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. कायद्याचे शिक्षण सुरू असतानाच १९४२ साल उजाडले.

रेडिओचीच गरज का भासली?

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह प्रमुख नेत्यांना अटक झाली. काँग्रेसवर बंदी आली, वृत्तपत्रांवर निर्बंध आले. आंदोलन देशभर पसरत होते, पण एका जिल्ह्यात काय घडले हे शेजारच्या जिल्ह्याला कळण्याचा मार्ग उरला नव्हता. छापखान्यावर टाच आणता येते, पत्रके जप्त करता येतात. हवेतून जाणारा आवाज मात्र घराघरातील रेडिओ संचात थेट उतरतो. या विचारातून उषा मेहता, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी आदी तरुण एकत्र आले. शिकागो रेडिओ या ध्वनिक्षेपक यंत्रणेच्या व्यवसायातील नानक मोटवाने यांच्याकडून साधने आणि तंत्रज्ञांची मदत मिळाली. राममनोहर लोहिया यांच्यासारखे भूमिगत नेते या उपक्रमाशी जोडले गेले.

काम सोपे नव्हते. विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा होताच, शिवाय १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशी रेडिओचालकांचे परवाने सरकारने रद्द केले होते. अशा स्थितीत प्रक्षेपक जुळवून २७ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेस रेडिओ सुरू झाला. भारतातील कुठल्यातरी ठिकाणाहून, ४२.३४ मीटरवर बोलत असल्याचे श्रोत्यांना सांगितले जाई. ठिकाण गुप्त होते, लहरीची लांबी मात्र जाहीर करावीच लागे, कारण त्याशिवाय लोक रेडिओचा काटा लावणार कुठे?

४२.३४ मीटर म्हणजे नेमके काय?

रेडिओ लहर ही पाण्यावरील लाटेसारखी चढ-उतार करत पुढे जाते. एका चढापासून दुसऱ्या चढापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. ४२.३४ मीटरची लहर सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार वेळा कंप पावते, म्हणजे वारंवारता झाली ७.०८ मेगाहर्ट्झ. हा लघुलहरींचा, म्हणजे शॉर्ट वेव्हचा पट्टा. या लहरी आकाशात गेल्या की वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. दिवसा या लहरींना शोषणारा खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो, त्यामुळे संध्याकाळनंतर त्यांचा पल्ला वाढतो. काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपण सुरुवातीला दिवसातून दोनदा होई. पुढे ते संध्याकाळी एकदाच होऊ लागले.

ॲन्टेनाची लांबी तरंगलांबीवर ठरते. अर्ध्या लहरीइतकी तार घ्यायची तर ४२ मीटरसाठी सुमारे २१ मीटर, म्हणजे जवळपास सात मजली इमारतीच्या उंचीएवढी तार लागते. लपवाछपवीचे काम करणाऱ्यांसाठी ही मोठी अडचण. घरातील वाय-फायही रेडिओ लहरच आहे, पण ते २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालते. तिथली तरंगलांबी अनुक्रमे साधारण १२ आणि साडेपाच सेंटिमीटर. म्हणूनच राउटरची ॲन्टेना बोटाएवढी असली तरी भागते आणि मोबाइलमध्ये तर ती दिसतही नाही.

मग वाय-फाय भिंतीपाशी का अडते?

४२ मीटरच्या लहरीसमोर एखादी भिंत म्हणजे समुद्राच्या लाटेसमोर किनाऱ्यावरचा दगड. लहर तिला वळसा घालून पुढे जाते. १२ सेंटिमीटरच्या लहरीसाठी मात्र तीच भिंत मोठा अडथळा ठरते. काही ऊर्जा परावर्तित होते, काही भिंत शोषून घेते आणि उरलेली पलीकडे पोहोचते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींचे नुकसान आणखी जास्त होते. गिरगावातील जुन्या इमारतींच्या जाड विटांच्या भिंती, बीडीडी चाळींच्या काँक्रीटच्या भिंती, नव्या टॉवरमधील सळयांचे जाळे असलेल्या भिंती या सर्व ठिकाणी वाय-फाय पुढच्या खोलीत जोरात आणि मागच्या खोलीत अशक्त असते, ते यामुळे.

धातू आणि पाणी हे आणखी दोन अडथळे. लोखंडी कपाट, पत्र्याची ट्रंक, फ्रिज, मोठा आरसा यांवरून लहरी परततात. पाण्याची टाकी किंवा माशांची पेटी त्या शोषते. राउटर पोटमाळ्यावर ट्रंकांच्या मागे ठेवला तर घराला लहरी मिळण्याआधीच त्या तिथे संपतात.

अंतराचा हिशेबही लक्षात घ्यावा लागतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते. त्यामुळे राउटर दाराजवळच्या कोपऱ्यातून घराच्या मध्यावर आणणे हा फुकटातला आणि बहुतेकदा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.

प्रक्षेपणाची जागा सतत का बदलावी लागली?

काँग्रेस रेडिओला जागेची निवड केवळ लहरींसाठी करता येत नव्हती. पोलिसांच्या हाती लहरींचा माग काढणारी गाडी होती. तिचे तत्त्व साधे आहे. वर्तुळाकार गुंडाळलेल्या तारेची ॲन्टेना फिरवत नेली की एका ठराविक कोनात आवाज जवळजवळ नाहीसा होतो. त्यावरून प्रक्षेपक कोणत्या रेषेवर आहे ते कळते. गाडी दुसऱ्या ठिकाणी नेऊन पुन्हा तेच केले की दुसरी रेषा मिळते. दोन रेषा जिथे छेदतात, तिथे प्रक्षेपक. जितका वेळ प्रक्षेपण चालेल आणि जितके दिवस ते एकाच जागेवरून होईल, तितके पोलिसांचे काम सोपे.

त्यामुळे बिऱ्हाड हलते राहिले. चौपाटीवरील सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, गिरगावातील पारेख वाडी, महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला अशा ठिकाणी यंत्रणा फिरली. पुढे ध्वनिमुद्रणाची जागा आणि प्रक्षेपणाची जागा वेगळी करण्यात आली. भाषण एका ठिकाणी ध्वनिमुद्रित होई आणि तबकडी दुसरीकडे नेऊन वाजवली जाई. एक जागा सापडली तरी सगळेच हाती लागू नयेत, हा हेतू.

या रेडिओवरून हिंदी आणि इंग्रजीत बातम्या, आवाहने आणि नेत्यांची भाषणे जात. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातील घडामोडी यांची माहिती त्यातून लोकांना मिळाली. विदर्भातील आष्टी आणि चिमूर येथे ऑगस्टमध्ये जे घडले आणि त्यानंतर जे अत्याचार झाले, त्याबद्दल वृत्तपत्रे लिहू धजत नव्हती तेव्हा गिरगाव परिसरातील एका बंद खोलीतून ते सांगितले जात होते.

लहरींवर लहरी सोडून आवाज दाबता येतो का?

येतो. सरकारी यंत्रणेने काँग्रेस रेडिओच्या लहरींवर अडथळे आणण्याचे प्रयत्न केले. त्याच वारंवारतेवर दुसरा जोरदार आवाज सोडला की श्रोत्याच्या संचात दोन्ही मिसळतात आणि मूळ शब्द कळत नाहीत. याला जॅमिंग म्हणतात.

आज चाळीत किंवा टॉवरमध्ये हेच न ठरवता घडते. एका मजल्यावर दहा-बारा राउटर असतील तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी होते. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी तीनच चॅनेल आहेत, १, ६ आणि ११. वाय-फाय उपकरणे एकाच चॅनेलवर असली की आपली पाळी येईपर्यंत थांबतात, म्हणून दांड्या पूर्ण दिसूनही वेग पडतो. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्याजवळ चालतो, तो सुरू असतानाही व्यत्यय येतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल जास्त आहेत. शिवाय भिंती त्या लहरी अडवतात, त्यामुळे शेजाऱ्यांचा त्रासही कमी होतो. जी गोष्ट मागच्या खोलीसाठी तोट्याची, तीच गर्दीच्या मजल्यावर फायद्याची ठरते.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी काय घडले?

अखेर रेडिओचा ठावठिकाणा लहरींमुळे नव्हे, माणसामुळे उघड झाला. पोलिसांच्या हाती लागलेल्या एका तंत्रज्ञाने माहिती दिली. १२ नोव्हेंबरला बाबूभाई खाकर यांच्या कार्यालयावर छापा पडला. उषाबेनना धोका कळला होता. त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या ठिकाणी जाऊन सहकाऱ्यांना सावध केले. स्वतः लपून बसण्याचा मार्ग मोकळा होता. तरीही संध्याकाळचे प्रक्षेपण चुकवायचे नाही असे ठरले आणि त्या चंद्रकांत झवेरी यांच्यासह पारेख वाडीत गेल्या.

प्रक्षेपण सुरू असताना दारावर धक्के बसू लागले. पोलीस दारे तोडून आत शिरले तेव्हा कार्यक्रमाच्या शेवटी लावले जाणारे वंदे मातरम् सुरू होते. ते बंद करण्याचा हुकूम झाला, पण दोघांनी तो मानला नाही. सुमारे अडीच महिने चाललेला रेडिओ त्या संध्याकाळी थांबला.

खटल्यात आणि तुरुंगात काय झाले?

उषाबेनना सहा महिने कोठडीत ठेवून चौकशी झाली. सहकाऱ्यांची नावे सांगितल्यास परदेशात शिक्षणाला पाठवण्याचे आमिषही दाखवण्यात आले. त्या बोलल्या नाहीत. न्यायालयात उत्तर देणे बंधनकारक आहे का, एवढेच त्यांनी विचारले. नाही असे कळल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. ज्या तरुणीचा आवाज देशभर पोहोचावा म्हणून एवढी यंत्रणा उभी राहिली होती, तिने सहकाऱ्यांना वाचवण्यासाठी मौन निवडले.

पाच जणांवर खटला चालला. १९४३ मध्ये बाबूभाईंना पाच, उषाबेनना चार आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. नानक मोटवाने आणि विठ्ठलदास झवेरी सुटले. येरवड्यात उषाबेनची प्रकृती खालावली. त्यांना मुंबईत जे. जे. रुग्णालयात आणून पहाऱ्यात उपचार करावे लागले आणि बरे वाटताच पुन्हा येरवड्याला नेण्यात आले. मार्च १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली. तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आदेशाने मुंबईत सुटलेल्या त्या पहिल्या राजकीय कैदी होत्या.

या कथेत एक विसंगतीही आहे. काँग्रेस रेडिओच्या कार्यक्रमांचा मजकूर आज उपलब्ध आहे तो मुख्यतः पोलिसांमुळे. पुरावा म्हणून त्यांनी प्रक्षेपणे ऐकून टिपून ठेवली आणि ती कागदपत्रे सरकारी दप्तरात टिकली.

लहरींवरील परवान्याचे पुढे काय झाले?

१९४२ मध्ये विनापरवाना प्रक्षेपणासाठी तुरुंग होता. प्रक्षेपकांवरील नियंत्रण आजही कायम आहे, पण घरगुती वापराला मोकळीक मिळाली आहे. केंद्र सरकारने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठराविक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त केला आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे खुले केले. प्रत्येक राउटर हा एक छोटा प्रक्षेपकच आहे. शक्तीची मर्यादा मात्र ठरलेली असल्याने कुठलाही राउटर भिंती भेदून कितीही दूर पोहोचेल, हे शक्य नाही. म्हणून जास्त शक्तीच्या मागे लागण्यापेक्षा योग्य जागा शोधणे शहाणपणाचे.

घरात नेमके काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे दोष कुठे आहे ते शोधणे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तिथेही वेग कमी असेल तर अडचण कंपनीकडून येणाऱ्या जोडणीत आहे, राउटर हलवून उपयोग नाही. केबलवर वेग पूर्ण आणि खोलीत कमी असेल तर प्रश्न वाय-फायचा. १०० एमबीपीएसच्या जोडणीत फाइल उतरताना सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटच दिसतात, कारण आठ बिट मिळून एक बाइट होतो. तो दोष नव्हे.

दुसरी गोष्ट जागा. राउटर मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर, धातू आणि पाण्यापासून दूर असावा. काडीसारख्या ॲन्टेनाच्या लहरी बाजूंना जास्त आणि टोकाच्या दिशेने कमी जातात, म्हणून एकाच मजल्यावरील घरात ती उभी ठेवावी. तिसरी गोष्ट पट्टा. जवळच्या टीव्ही-लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ आणि भिंतीपलीकडील उपकरणांना २.४ गिगाहर्ट्झ द्यावे. २.४ वर १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचे चॅनेल निवडावे. चौथी गोष्ट केबल. जागचे न हलणारे यंत्र केबलने जोडले की हवेतील गर्दी तेवढी कमी होते. एवढे करूनही मागची खोली कोरडी राहिली तर दुसरा ॲक्सेस पॉइंट केबलने तिथे नेणे उत्तम. साधा रिपीटर त्याच लहरींवर ऐकून पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग बराच घटतो. तो ठेवायचाच तर सिग्नल संपतो तिथे नव्हे, चांगला असतो तिथे ठेवावा.

उषा मेहतांचे पुढील आयुष्य कसे होते?

१५ ऑगस्ट १९४७ रोजी उषाबेन आजारी होत्या. दिल्लीतील सोहळ्याला त्या जाऊ शकल्या नाहीत. प्रकृतीमुळे सक्रिय राजकारणही दूर राहिले. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर त्यांनी मुंबई विद्यापीठातून पीएच.डी. केली. ज्या विल्सन महाविद्यालयात त्या शिकल्या तिथेच त्यांनी सुमारे ३० वर्षे शिकवले. मुंबई विद्यापीठातील नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख होत्या. १९८० मध्ये त्या निवृत्त झाल्या. आयुष्यभर खादी आणि साधी राहणी कायम राहिली. गावदेवीतील लॅबर्नम रोडवरच्या मणिभवन गांधी संग्रहालयाची धुराही त्यांनी सांभाळली. कधीकाळी त्यांचा प्रक्षेपक लपला होता, तोच हा रस्ता. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा उषाबेन ७५ वर्षांच्या होत्या. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असतानाही त्या ऑगस्ट क्रांती मैदानावरील कार्यक्रमाला गेल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.